जाड बघून आण

मागच्या महिन्यात नांदेडला मामाकडं गेले होते, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि झाकण उघडल्याबरोबर सगळ्यात वर 'एअरपोर्ट'. आर्थर हेलीची इंग्रजी कादंबरी. मूळ कव्हर कधीच गेलेलं, त्याच्या जागी मामानं रेल्वेच्या कुठल्यातरी जुन्या टाइमटेबलचा जाड कागद खळीनं चिकटवलेला, आणि आत प्रत्येक पानाच्या समासात त्याची पेन्सिल. इंग्रजी शब्दाखाली रेघ आणि बाजूला मराठी अर्थ, असं पाचशेच्या आसपास पानं. 'ब्लिझार्ड' ह्या शब्दापुढं लिहिलंय, हिमवादळ, गारपीट नव्हे. 'स्टोअवे' म्हणजे लपून विनातिकीट प्रवास करणारा, तर त्याच्यापुढं नुसतं एक शब्द, विदाऊट. मी तिथंच फरशीवर बसले आणि दोन तास उठलेच नाही, मामी दोनदा चहाला बोलवून गेली.

तर आज ह्या जाडजूड जुन्या बेस्टसेलरांवर लिहायचंय. विमान, बँक, हॉटेल, खून, हिरे, कटकारस्थान, पाचशे-सहाशे पानं, दर प्रकरणाच्या शेवटी जीव टांगणीला. मला ह्या कादंबऱ्या मनापासून आवडतात आणि का आवडतात ते नीट सांगायचं म्हणलं तर मला पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणापासूनच सुरुवात करावी लागते.

मामा तेव्हा पूर्णा जंक्शनला असिस्टंट स्टेशन मास्तर. १९८९ चा उन्हाळा, मी अकरा वर्षांची, सेलूहून सुट्टीला गेलेली. तेव्हा सगळी मीटरगेज लाईन, अजून ब्रॉडगेज व्हायची होती, आणि डिव्हिजन हैदराबाद. त्यामुळं मामाला पासवर सिकंदराबादला जाणं म्हणजे शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं होतं, आणि तिकडं गेला की रविवार साधून हैदराबादच्या अबिड्सला फुटपाथवर जी जुन्या पुस्तकांची रांग लागते तिथं जायचाच. तिथून पिशवी भरून आणायचा. घासाघीस करताना त्याचा हिशोब सोपा होता, पान जास्त आणि पैसे कमी. मराठीतलं तो सगळंच वाचायचा, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, पण ती पुस्तकं बारकी, गाडीत पूर्ण्याला चढून वाचायला घेतलं की परभणी पार व्हायच्या आत गुन्हेगार सापडलेला. मामाला नाईट ड्युटीला पुरणारं पाहिजे असायचं.

इंग्रजी त्याचं मॅट्रिकपुरतं. हैदराबादहूनच आणलेली एक डिक्शनरी आणि पेन्सिल घेऊन बसायचा, दिवसा जमतील तेवढी पानं काढायचा, आणि रात्री ड्युटी नसली की जेवणं झाल्यावर अंगणात बाजा टाकल्या की ती गोष्ट आम्हाला सांगायचा. आम्हाला म्हणजे मी, माझे दोन मामेभाऊ, आजी, मामी भांडी घासता घासता, शेजारच्या क्वार्टरमधले पॉइंट्समन काका आणि त्यांच्या मागं मागं एक गँगमन आजोबा, रुळांच्या देखभालीचं काम करणारे, ते तर चटई घरून घेऊन यायचे. लाईट बहुतेक गेलेली असायचीच. माठातलं पाणी, बाजेवर ओल्या चादरी, आणि शिकागोजवळच्या विमानतळावर बर्फाचं वादळ.

आता बघा, त्या अंगणातल्या एकाही माणसानं बर्फ पाहिलेला नव्हता. विमान पाहिलं होतं ते वरून जाताना. मामानं पहिल्या दिवशी बर्फ समजावून सांगायला अर्धा तास घेतला, बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून किसली आणि ती तीन दिवस सारखी आभाळातून पडत राहिली तर कसं होईल, असं. आजी म्हणाली, म्हणजे गाराच की. मामा म्हणाला, गारा नाहीत गं आई, गारा आवाज करतात, हे गुपचूप पडतं. (समासातलं ते 'गारपीट नव्हे' कुठून आलं ते मला मागच्या महिन्यात कळलं, छत्तीस-सदतीस वर्षांनी.)

गोष्ट तशी एका रात्रीची. जानेवारीतली शुक्रवारची संध्याकाळ साडेसहापासून मध्यरात्र उलटून दीडपर्यंत, सात तास. त्या सात तासांत लिंकन इंटरनॅशनल नावाच्या विमानतळावर, हे नाव लेखकानं बनवलेलं, काय काय होतं त्याची पाचशे पानं. सगळ्यात लांब धावपट्टी, तिचा नंबर तीन-शून्य, तिच्यावर एक मेक्सिकन कंपनीचं विमान वळण चुकून बाजूच्या चिखलात रुतून बसलंय आणि त्याचं शेपूट धावपट्टीत आडवं आलंय. तिकडं रोमला निघालेल्या दुसऱ्या विमानात एक कर्जबुडा माणूस बॅगेत बॉम्ब घेऊन बसलाय, कारण त्यानं विमानतळावरच्या काउंटरवर स्वतःचा विमा काढलाय आणि आपण मेलो की बायकोला पैसे मिळतील असा त्याचा हिशोब. बॉम्ब फुटतो, विमान तुटक्या अंगानं परत फिरतं, आणि त्याला उतरायला तीच लांब धावपट्टी पाहिजे जी अडलेली आहे. बस एवढंच. सात तासांची ही गोष्ट मामानं एकोणीस रात्री पुरवली.

मामानं हे सगळं रेल्वेच्या भाषेत सांगितलं आणि ते सगळ्यांना चटकन कळलं. धावपट्टी अडली म्हणजे लाईन ब्लॉक. टॉवरमधला माणूस म्हणजे कॅबिनवाला, लाईन क्लिअर दिल्याशिवाय कुणी हलायचं नाही. विमानतळाचा मॅनेजर मेल बेकर्सफेल्ड म्हणजे आपला स्टेशन मास्तर, वरचे साहेब एकीकडं, पब्लिक एकीकडं, घरी बायको वैतागलेली, आणि हा रात्रभर ड्युटीवर. पॉइंट्समन काका मान डोलवत होते. म्हणाले, "सगळीकडं सारखंच हाय म्हणा की मास्तर."

ते चिखलात रुतलेलं विमान आलं त्या दिवशी तर कमालच झाली. आमच्याकडची काळी माती ज्याला माहीत आहे त्याला चाक रुतणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत जाते आणि बैल गुडघ्यावर बसतात. गँगमन आजोबा एकदम उठून बसले आणि म्हणाले, "नुसतं जोर लावायलेत व्हय? तसं नाही निघायचं. म्होरं खणा म्हणावं, उतार करा चाकाला, दगडगोटे टाका, फळ्या टाका, मग वढा." मामा काहीच बोलला नाही, म्हणाला उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढची पानं काढली तर त्यात जो पट्रोनी नावाचा मेंटेनन्सचा माणूस येतो, तोंडात सिगार, आणि पहिलं काम काय करतो तर माणसं लावून चाकांच्या पुढं खणायला लावतो. मामानं हे सांगितल्यावर गँगमन आजोबांनी जे इकडं तिकडं बघितलं, ते मी विसरूच शकत नाही. त्यांना सही करता यायची नाही, अंगठा लावायचे. आणि अमेरिकेत १९६८ साली सगळ्यात जास्त खपलेल्या कादंबरीतला पुढचा सीन त्यांनी अंगणात बसून आधीच सांगितला होता, कारण लेखकानं त्या कामाची माहिती खरी गोळा केली होती आणि आजोबांना ते काम खरं माहीत होतं.

हेली असाच लिहायचा. आधी साधारण वर्षभर नुसती माहिती काढायची, त्या धंद्यातल्या माणसांत जाऊन बसायचं, मग काही महिने टिपणं लावायची आणि मग दीडेक वर्ष लिहायचं. स्वतः दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता, शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. हॉटेलवर लिहिलं, १९६५ ला, बँकेवर १९७५ ला, गाड्यांच्या कारखान्यावर, वीज कंपनीवर, औषध कंपनीवर. लोक म्हणतात त्याच्या पुस्तकात माहितीची पानंच्या पानं येतात आणि गोष्ट थांबते. मला तर तीच पानं सगळ्यात जास्त आवडतात. बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा ताफा एकामागं एक तिरक्या रांगेत कसा निघतो, टॉवरमध्ये पडद्यावरचे ठिपके बघणाऱ्या माणसाच्या डोक्याचं काय होतं, विमा विकणारी पोरगी काउंटरवर काय विचारते आणि काय विचारत नाही. आणि ती विम्याची गोष्ट हवेतली नाही, अमेरिकेत १ नोव्हेंबर १९५५ ला डेन्व्हरहून उडालेल्या विमानात एका मुलानं स्वतःच्या आईच्या सुटकेसमध्ये डायनामाइट ठेवलं होतं, विमानतळावरच आईचा विमा काढून, ४४ माणसं मेली. हे मी नंतर वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण आजी त्या रात्री म्हणाली होती की एवढं वाईट कुणी वागत नसतं रे, पुस्तकवाल्यानं वाढवून लिहिलं असंल.

आजीचं सगळं लक्ष मात्र त्या विदाऊट म्हातारीत. अ‍ॅडा क्वॉन्सेट, सत्तरी उलटलेली, लेकीला भेटायला विमानानं फुकट जाते, एकदा नाही सारखीच, आणि पकडली तरी साहेबांसमोर बसून गोड गोड बोलत आपल्या युक्त्या सांगते. आजी रोज विचारायची, "त्या म्हातारीचं काय झालं? उतरवलं का टीसीनं?" आणि शेवटी तिला बॉम्बवाल्याच्या शेजारचीच सीट मिळते आणि त्याची बॅग हिसकवायच्या बेतात विमानातले लोक तिचीच मदत घेतात, तेव्हा आजीनं दोन्ही हात जोडले होते. आजी चातुर्मासात पांडवप्रताप ऐकायची, चौसष्ट अध्याय, श्रीधरस्वामींचा. तिला एवढी लांबलचक गोष्ट रोज थोडी थोडी ऐकायची सवयच होती. अध्याय कुठं थांबतो आणि दुसऱ्या दिवशी कुठून उचलतो हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. मामा ऐन वेळी पुस्तक मिटायचा, पुढचं उद्या, आणि पोरं ओरडायची, पण आजी म्हणायची बरोबर थांबलास.

माझं म्हणणं हेच आहे. ह्या कादंबऱ्या सांगता येतात. अर्ध्या इंग्रजीतून, डिक्शनरी घेऊन, रेल्वेच्या शब्दांत, अंधारात, सही न करता येणाऱ्या माणसाला सांगता येतात आणि तरी त्यातलं काही सांडत नाही. कॉलेजात एकांनी मला वर्गासमोर सुनावलं होतं की हे कसलं वाचतेस, ह्यात भाषा नाही, नुसतं पुढं काय झालं, पुढं काय झालं. तेव्हा मी गप्प बसले. आज असते तर सांगितलं असतं की सर, पुढं काय झालं हे एकोणीस रात्री सात माणसांना रोज विचारायला लावणं ही फार अवघड कला आहे, आणि ज्या भाषेचं तुम्ही म्हणताय ती भाषा आमच्या मामानं त्यात स्वतःची घातली होती.

एक गोष्ट मामानं बदलली होती, ती सांगितली पाहिजे. त्या विमानाचा कॅप्टन डेमरेस्ट आणि एअरहोस्टेस ग्वेन, तिला त्याच्यापासून दिवस गेलेले असतात आणि त्याचं लग्न दुसरीशी झालेलं असतं. अंगणात आजी, मामी, आम्ही पोरं. मामानं सरळ सांगून टाकलं की ती त्याची बायकोच आहे, दोघं एकाच कंपनीत नोकरीला. पुढं परभणीला कॉलेजात असताना मी पुस्तक स्वतः वाचलं तेव्हा मला धक्काच बसला. पण खरं सांगते, बॉम्ब फुटल्यावर ती जखमी होते आणि तो माणूस पुढं कॉकपिटमध्ये विमान सांभाळत असतो, तो प्रसंग मामाच्या गोष्टीतसुद्धा तेवढाच लागला होता. आणि हेही सांगते की ह्या पुस्तकांतल्या बायका बऱ्याचदा नीट लिहिलेल्या नसतात, दिसायला कशा हे आधी येतं आणि डोक्यात काय चाललंय हे नंतर, कधी कधी येतच नाही. आता वाचताना ते खटकतं, जिथं खटकतं तिथं मी थांबते, चिडते आणि पुढं वाचते.

सिडनी शेल्डन मामानं नंतरच्या उन्हाळ्यात सांगितला. ह्या माणसानं आधी सिनेमाच्या पटकथा लिहिल्या, त्याला ऑस्कर मिळालं, आणि पहिली कादंबरी आली १९७० ला, पन्नाशी उलटल्यावर. 'इफ टुमॉरो कम्स' मधली ट्रेसी एका मोठ्या जहाजावर बुद्धिबळाच्या दोन ग्रँडमास्टरांना एकाच वेळी आव्हान देते, दोघं वेगवेगळ्या खोलीत, आणि तिला स्वतःला खेळ धड येत नसतो. युक्ती अशी की एकाकडं ती काळ्या सोंगट्या घेते आणि दुसऱ्याकडं पांढऱ्या. पहिल्यानं जी चाल केली तीच जाऊन दुसऱ्याकडं करायची, दुसऱ्यानं जे उत्तर दिलं तेच येऊन पहिल्याकडं. म्हणजे ते दोघं एकमेकांशीच खेळतायत आणि त्यांना पत्ता नाही. मामेभावानं दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या दोन पट्टीच्या खेळणाऱ्या काकांवर हे करून बघितलं, एक ह्या टोकाच्या व्हरांड्यात, एक त्या टोकाच्या, मधल्या उन्हातून मी चिठ्ठी घेऊन पळणार. बावीस-तेवीस चाली झाल्या. मग दोघं काका नळावर भेटले आणि एकमेकांना कौतुकानं सांगायला लागले की ते पोरगं काय खेळतंय राव.

पण माझ्या आयुष्यात जे पुस्तक सगळ्यात जवळ आलं ते हेलीचं बँकेवरचं, 'द मनीचेंजर्स'. मी तेव्हा नुकतीच बँकेत कॅशला लागलेली, आठवडाच झाला असेल. संध्याकाळी कॅश टॅली करायला बसले तर पाच हजार शॉर्ट. दहादा मोजलं. कपाशीच्या पैशांचे दिवस, काउंटरसमोर दुपारभर गर्दी, कुणालातरी पन्नासच्या बंडलाच्या जागी शंभरचं बंडल गेलं होतं, शंभर नोटा, फरक बरोबर पाच हजार. कुणाला ते आठवेना. ते पैसे मी हप्त्यानं भरले. पैशांचं एवढं नाही, पण त्या संध्याकाळी दोन-तीन नजरा माझ्याकडं ज्या वळल्या त्या मला घरी येऊन झोपू देईनात. आणि त्याच रात्री मामानं दिलेलं हे पुस्तक उघडलं, वाटलं बँकेचंच आहे, बघू. तर सुरुवातीलाच वानिता नून्येझ नावाची कॅशियर, एकटीनं लेकीला वाढवणारी, तिच्या ड्रॉवरमधून सहा हजार डॉलर गायब. आणि ती कॅश मोजायच्या आधीच सांगते की बरोबर सहा हजार कमी आहेत. कुणाचा विश्वास बसत नाही, कारण दिवसभर घेवाणदेवाण केलेल्या माणसाला न मोजता आकडा कसा कळेल, म्हणजे हिनंच घेतले. आणि खरं काय तर तिची स्मरणशक्तीच तशी, सकाळपासूनचा एकेक व्यवहार डोक्यात. पैसे घेतलेले असतात तिच्याशी गोड बोलणाऱ्या वरच्या माणसानं.

मी रात्री अडीचपर्यंत वाचत बसले. ते पुस्तक काही थोर साहित्य म्हणून कुणी मला दिलं नव्हतं. पण माझ्या काउंटरची जाळी, माझं ड्रॉवर, माझ्या पाठीवरच्या नजरा एका परक्या माणसानं १९७५ साली लिहून ठेवल्या होत्या, आणि पुढं त्या बाईचं काय होतं हे बघायला माझ्याकडं अजून चारशे पानं शिल्लक होती. त्या आठवड्यात रोज काउंटरवर बसताना मला ती चारशे पानं घरी आहेत एवढ्याचा आधार होता. पुस्तक जाड असण्याचा हा फायदा मला तेव्हा कळला, बारकं असतं तर एका रात्रीत संपलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मी परत एकटी.

हां, तर नांदेडचं राहिलं. मामा आता ऐंशीच्या पुढं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय पण बारीक टाइप दिसत नाही, आणि ह्या जुन्या पेपरबॅकचा टाइप म्हणजे मुंग्या. मी 'एअरपोर्ट' घेऊन आले आणि आता रोज रात्री साडेनऊला फोन लावते, स्पीकरवर ठेवायला सांगते. दहा-बारा पानं वाचून घेते आणि गोष्ट सांगते, त्याचेच शब्द वापरून, लाईन ब्लॉक, कॅबिनवाला, विदाऊट. त्याला सगळं आठवतंय. मी पट्रोनीला जरा लवकर विमानतळावर पोचवला तर लगेच म्हणाला, "थांब, तो अजून वाटंतच हाय, ट्रॅफिकमधी अडकलाय, समोर ट्रक उलटलाय." खरंच मी चार पानं गाळली होती. मागून मामी म्हणाली की ग्वेनचं तुम्ही तेव्हा खोटं सांगितलं होतं ना, मला तेव्हाच कळलं होतं.

परवा धावपट्टी मोकळी झाली. बर्फ काढणाऱ्या गाड्या विमानाला ढकलून द्यायला समोर उभ्या, बेकर्सफेल्डचा हुकूम तोंडात, तिकडून तुटकं विमान उतरायला आलेलं, आणि पट्रोनी इंजिनं पूर्ण जोरात सोडून ते रुतलेलं धूड हलवतो. मी तिथं थांबले नाही, एका दमात सांगून टाकलं. पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग मामा म्हणाला की गँगमन आजोबांनी रिटायर होताना त्याला विचारलं होतं, त्या मेक्सिकोवाल्याचं इमान नंतर दुरुस्त झालं का.

सिकंदराबादला पुढच्या महिन्यात लग्न आहे, रविवार मोकळा काढलाय अबिड्ससाठी. मामाला विचारलं काय आणू, कुणाचं आणू. म्हणाला कुणाचं बी आण, जाड बघून आण.